ताइस्तो हौतालाची आरोळी

ताइस्तो हौतालाने आयुष्यात एकच गोष्ट धड केली, ती म्हणजे तो एकदा ओरडला. हे माझं मत नाही, त्याचं स्वतःचं आहे. कागदाच्या गिरणीत त्याची निम्मी हयात गेली. गिरणी बंद पडल्यावर तो पालिकेची बर्फ काढायची गाडी चालवायला लागला आणि त्या गाडीने त्याने आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक टपालपेट्या आडव्या केल्या, त्यात माझी दोनदा. पण नव्या माणसाला ओळख करून देताना यातलं तो काहीच सांगत नसे. हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "मी ताइस्तो. लिसावाला."

समोरच्याने चुकून "कोण लिसा?" असं विचारलं की तो मेलाच. त्याची कॉफी गार व्हायची, बस निघून जायची, बायको गाडीत बसून हॉर्न वाजवायला लागायची, पण ताइस्तो त्याची बाही सोडायचा नाही.

गोष्ट अशी. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत ग्रॅनाइट प्रॉफेट्स हा इंग्लंडचा बँड कॅनडातल्या आमच्या थंडर बेला आला. यायचं म्हणून आले नव्हते. विनिपेगहून टोरंटोला निघालं की मध्ये झोपायला दुसरं गावच नाही. हॉकीच्या स्टेडियममध्ये बर्फावर फळ्या टाकून कार्यक्रम झाला. वर कान फुटत होते आणि खाली पाय गारठत होते. त्या रात्रीचं त्यांनी ध्वनिमुद्रण केलं, त्याचा 'नो रिटर्न टिकेट' नावाचा डबल अल्बम निघाला आणि तो जगभर असा खपला की आजही कुठल्याही जुन्या बाजारात त्याची एक तरी तबकडी कॉफीचे डाग घेऊन पडलेली सापडते.

त्यातल्या तिसऱ्या बाजूवर एक जागा आहे. दणदणीत गाणं संपतं, गिटारवाला तारा जुळवत असतो, गायक पाणी पीत असतो, सगळं स्टेडियम क्षणभर गप्प होतं. आणि त्या शांततेत कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडतं, "लिसा लोयल्या!" गायक हसतो, म्हणतो, "लिसा नाही आली, लव्ह." मग संथ गाणं सुरू होतं.

ही लिसा कोण, यावर जगातल्या रिकामटेकड्यांनी काय काय लिहून ठेवलंय. कुणी म्हणतं ड्रमवाल्याची मैत्रीण, कुणी म्हणतं अमली पदार्थाचं गुप्त नाव. 'लिसा कुठे आहे?' असं छापलेले टी-शर्ट मी स्वतः पाहिलेत. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की लिसाबिसा कुणी नव्हती. ते फिनिश आहे, फिनलंडची भाषा. सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत, बसलं की वरच्या बाकावरचा खालच्याला ओरडून सांगतो, लिसा लोयल्या, म्हणजे घाल अजून पाणी दगडांवर, वाढव वाफ. चार हजार माणसांत ही आरोळी ठोकणारा आमच्या गावचा फिन्नीच असणार हे उघड होतं. आणि तो मीच, असं ताइस्तो त्या रात्रीपासून सांगत आला होता.

यंदा त्या अल्बमला पन्नास वर्षं झाली. कंपनीने जुन्या टेप धुऊनपुसून नवी आवृत्ती काढली. बे स्ट्रीटवरच्या रेकॉर्डच्या दुकानाने शनिवारी दुपारी समारंभ ठेवला, तिथून रेडिओचं थेट प्रक्षेपण ठरलं, आणि प्रमुख पाहुणा कोण? लिसावाला. जगाला पन्नास वर्षं पडलेलं कोडं ताइस्तो स्वतःच्या तोंडाने सोडवणार आणि शेवटी तीच आरोळी पुन्हा ठोकणार. महिनाभर तो मधाचं पाणी पीत होता.

आता आमच्या रविवारांबद्दल सांगितलं पाहिजे. दर रविवारी जेवणं झाली की ताइस्तोच्या तळघरात आम्ही तिघं जमतो. ताइस्तो, रेन्झो आणि मी. रेन्झो जन्मभर लोकांच्या घरांवर छपरं घालत आला आणि स्वतःचं गळतं घर विकून फ्लॅटमध्ये गेला. मी ओरेस्ट, शाळेची बस चालवायचो, त्यामुळे मला कितीही आवाज चालतो. एका रविवारी एक जुना अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाजू वाजत असताना बोलायचं नाही. बाजू संपली की ज्याची त्याची आठवण सांगायची. खोटी सांगितली तरी चालते, पण दर वेळी तेच खोटं सांगायचं, असा नियम आहे.

रेन्झोच्या सगळ्या आठवणी गाडीच्या मागच्या सीटवर संपतात. त्या काळात त्याच्याकडे गाडी नव्हती, पण आम्ही काढत नाही विषय. माझ्या बऱ्याचशा उलट्यांच्या आहेत. एक मात्र खरी आहे. माझी पहिली बायको एका अल्बमची दुसरी बाजू चालू असताना घर सोडून गेली. जाताना रेकॉर्ड प्लेअर घेऊन गेली आणि अल्बम मला ठेवला. तो अल्बम लागला की रेन्झो उठून माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि हसू दाबतो.

आणि ताइस्तो? कुठलाही अल्बम लावा, कुठल्याही देशाचा, कुठल्याही सालचा, त्याची आठवण फिरून फिरून स्टेडियममध्येच येणार. "तेव्हा मी नुकताच ओरडलो होतो," अशी सुरुवात. त्याचं लग्नसुद्धा तो असंच सांगतो, "ओरडलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

हे लग्न हेल्वीशी झालं. हेल्वीबद्दल सांगण्यासारखं फार काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही, कारण ती सांगायचीच नाही. तिचा आवाज इतका बारीक की त्यांचा कुत्राही तिच्या हाकेला आला नाही कधी. वाचनालयात नोकरी होती, तिथे तो आवाज पुरायचा. रविवारी ती कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव घेऊन तळघराच्या जिन्यात यायची, ट्रे ठेवायची आणि वर जायची. ताइस्तो पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा 'हा आवाज जगाने ऐकलाय, आता पालिकेला ऐकवा' अशी पत्रकं हेल्वीने गुडघाभर बर्फातून घरोघर टाकली. ताइस्तो पडला. हिरवळ कापायची यंत्रं विकणाऱ्या एका माणसाने त्याला पाडलं.

हेल्वीचं एकच वैशिष्ट्य आमच्या लक्षात होतं, ते तिचं हसणं. ती हसते तेव्हा आवाज बाहेर यायच्या ऐवजी आत जातो. श्वास आत ओढते, मग एकदम "हीक्!" आणि संपलं, हसू गिळून टाकल्यासारखं. इतक्या वर्षांत आम्ही ते चारसहा वेळाच ऐकलं असेल. एकदा ताइस्तो छपरावरचा बर्फ काढताना फावड्यासकट खाली गेला आणि ढिगाऱ्यातून नुसते त्याचे बूट दिसत होते, तेव्हा तर ती पोर्चमध्ये उभी राहून तीनदा हीक् हीक् हीक् करत होती.

समारंभाच्या आधीच्या रविवारी रेन्झो नवी आवृत्ती घेऊन आला. दुकानदाराने ताइस्तोच्या तयारीसाठी म्हणून आधीच दिली होती. रेन्झोने स्वतःचे नवे स्पीकरही उचलून आणले होते.

"तुझ्या त्या खोक्यांतून ऐकण्यात अर्थ नाही," तो ताइस्तोला म्हणाला. "यात तुझ्या पडजिभेचा फोटो दिसेल."

"दिसू दे. घे पाहून," ताइस्तो म्हणाला.

पहिल्या दोन बाजू आम्ही तोंड उघडं टाकून ऐकल्या. कानातला मळ काढल्यावर वाटतं ना, तसं वाटत होतं. कुठे कुणी खोकतंय, कुठे ग्लास पडतोय, सगळं वेगळं वेगळं. मग तिसरी बाजू. दणदणीत गाणं संपत आलं तसा ताइस्तो नेहमीप्रमाणे सोफ्यावरून उठला. पोट आत घेतलं. बाटली वर धरली. त्याचा विधी असा की तबकडीवर आरोळी आली की हा नुसतं तोंड उघडायचा, आणि मग कमरेत वाकून आम्हाला नमस्कार करायचा. हेल्वी तेवढ्यात ट्रे घेऊन जिन्यात आली होती.

"लिसा लोयल्या!"

ताइस्तोने तोंड उघडलं. तबकडीवर गायक म्हणाला, "लिसा नाही आली, लव्ह." आणि त्याच्या पाठोपाठ, आजवर कधीच ऐकू न आलेलं, अगदी मायक्रोफोनच्या खालून, कुणीतरी श्वास आत ओढला.

हीक्!

संथ गाणं सुरू झालं. ताइस्तो वाकलेलाच होता. रेन्झोने माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याकडे पाहिलं. मग रेन्झोने नियम मोडून मध्येच सुई उचलली आणि पुन्हा मागे ठेवली. आरोळी. लव्ह. हीक्! ज्याने आरोळी ठोकली होती त्याच गळ्यातून ते आलं होतं. यात शंकेला जागाच नव्हती.

"हेल्वी," रेन्झो म्हणाला, "हे तुझं हसणं आहे."

"कॉफी गार होतेय," हेल्वी म्हणाली.

"हेल्वी!"

"हो बाबा. माझंच आहे."

"आणि ओरडलं कोण?"

तिने ट्रे खाली ठेवला. एप्रनला हात पुसले. "मीच की. दुसरं कोण होतं तिथे? याची आणि माझी तेव्हा नुकतीच ओळख झाली होती."

ताइस्तो हळूहळू सरळ झाला. मला वाटलं आता हा हसेल, किंवा भडकेल. पण तसलं काही झालं नाही. म्हाताऱ्या माणसाला घराचा पत्ता आठवू नये तसा तो उभा होता.

"मग मी कुठे होतो?" त्याने विचारलं.

"संडासाच्या रांगेत."

रेन्झोच्या नाकातून बिअर आली. मी त्याला लाथ घातली.

"तू बिअर पीत होतास, मग रांगेत गेलास," हेल्वी म्हणाली. "परत आलास तेव्हा आजूबाजूचे विचारत होते, कोण ओरडलं रे? तू म्हणालास, मी. मला वाटलं गंमत करतोयस."

"पण मला आठवतंय गं! दुसऱ्या दिवशी घसा बसला होता माझा."

"तुझा घसा दर शनिवारी बसायचा."

"आणि 'लव्ह'?" मी मध्येच म्हणालो. "आम्ही तुला किती वेळा विचारलं, तो तुला बाईला म्हणावं तसं लव्ह का म्हणाला. तू म्हणायचास, इंग्लंडमध्ये बसच्या कंडक्टरलाही लव्ह म्हणतात."

"म्हणतात!" ताइस्तो ओरडला.

"आणि आवाज एवढा बारीक कसा, तर म्हणे माझा अजून फुटला नव्हता. बावीस वर्षांचा होतास लेका तू!"

"आमच्यात उशिरा फुटतो," असं म्हणून तो सोफ्यावर बसला. मग खालच्या आवाजात त्याने बायकोला विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, आठवेल तुला आज ना उद्या," हेल्वी म्हणाली. "मग तू आपल्या लग्नात सगळ्यांसमोर सांगितलंस. मग मुलांना सांगितलंस. मग निवडणुकीची पत्रकं छापलीस. मी काय घरोघर जाऊन खोडत बसणार होते?" आणि ती वर निघून गेली.

गुरुवारी ताइस्तोने आम्हाला सौनात बोलावलं. त्याच्या परसात आहे, त्यानेच बांधलाय, म्हणून दार नीट लागत नाही. तो वरच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला होता आणि न मागता दगडांवर पाणी ओतत होता. एरवी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत याची टकळी चालू असते. त्या दिवशी आम्हीच बोलत होतो.

"हे बघ," रेन्झो म्हणाला, "माहितेय कुणाला? आपल्याला चौघांना. बाहेरच्या माणसाला ते 'हीक्' म्हणजे कुणाची तरी उचकी वाटणार. शनिवारी जा, ठोक आरोळी, केक खा, घरी ये."

"रेडिओवर खोटं बोलू?"

"पन्नास वर्षं काय करत होतास?"

"तेव्हा ते खरं होतं!" ताइस्तो म्हणाला. "मला खरंच वाटत होतं रे. अजून वाटतंय. डोळे मिटले की मी ओरडताना दिसतो मला."

"ओरडताना स्वतःचं तोंड दिसत नाही माणसाला," मी म्हणालो. "तिथेच तुला संशय यायला हवा होता."

त्याने आणखी एक डाव पाणी ओतलं. माझे कान भाजून निघाले.

"हेल्वी काय म्हणते?" मी विचारलं.

"काय म्हणणार? तुझं तू बघ, म्हणाली. नेहमीसारखी वागतेय. आज वाटाण्याचं सूप केलंय." मग तो म्हणाला, "ओरेस्ट, मी गिरणीत होतो हे कुणाच्या लक्षात आहे? गिरणीच नाही राहिली. ही एक गोष्ट होती माझ्याकडे. तीही गेली तर मी कोण? टपालपेट्या पाडणारा?"

मी भाजलेले कान चोळले. रेन्झो अंत्यविधीतही बडबडतो, तो उठून ते न लागणारं दार लावायला लागला. ताइस्तो शनिवारी काय करणार, ते त्यालाही माहीत नव्हतं. एक तर जन्मभराची शान जाणार होती, नाही तर बायकोची आरोळी तो तिच्याच समोर, आता माहीत असूनही, पुन्हा एकदा चोरणार होता.

शनिवारी थंडीने कहर केला होता, तरी दुकान भरलं होतं. पांढऱ्या दाढ्या, जुनी कातडी जॅकिटं आता पोटावर न लागणारी, काही तरुण पोरं, आणि टेबलावर गुलाबी साखर थापलेले 'पर्शियन' हे इथले तळलेले गोड पाव, ते खाऊन खाऊन आमच्या गावातल्या अर्ध्या लोकांना मधुमेह झालाय. ताइस्तोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हेल्वी भिंतीपाशी कोट न काढता उभी होती. रेडिओवरची मुलगी, केंड्रा, हेडफोन लावून इकडून तिकडे पळत होती.

प्रक्षेपण सुरू व्हायला थोडा अवकाश होता. ताइस्तोने रुमालासाठी खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर कागदात गुंडाळलेली कसलीतरी पुडी बाहेर आली. त्याने उघडली. घशाच्या गोळ्या होत्या, काळ्या, खारट, त्याच्या आवडीच्या.

"हे कुणी ठेवलं?" त्याने मला विचारलं.

"मी कशाला तुझ्या खिशात हात घालू?"

त्याने मान वर करून हेल्वीकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती. त्याची आरोळी नीट निघावी म्हणून तिने सकाळी शर्टाला इस्त्री करताना गोळ्या ठेवल्या होत्या. ताइस्तोचे कान लाल झाले. त्याला पन्नास वर्षांत इतकी लाज वाटलेली मी पाहिली नव्हती, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

"तर मंडळी," केंड्रा मायक्रोफोनमध्ये म्हणाली, "ज्या आवाजाने जगाला वेड लावलं, तो माणूस आज आपल्यासमोर आहे. ताइस्तो, सांगा, त्या क्षणी काय वाटलं?"

"मला कसं माहीत असेल?" ताइस्तो म्हणाला. "मी संडासाच्या रांगेत होतो."

दुकान खदाखदा हसलं.

"नाही, ऐका," ताइस्तो म्हणाला. "मी ओरडलो नाही. हेल्वी ओरडली. माझी बायको, ती तिथे भिंतीपाशी आहे. मी खोटं सांगत आलो. मला खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण खोटंच. आवाज तिचा आहे."

मग केंड्राने छातीवर हात ठेवला आणि "अगंऽ किती गोड!" असं म्हणाली. आणि सगळं दुकान टाळ्या वाजवायला लागलं.

"गोड काय त्यात!" ताइस्तो गोंधळला. "खरं सांगतोय मी!"

"पाहिलंत? आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण बायकोच्या नावावर केला," केंड्रा रेडिओला सांगत होती. "असे नवरे कुठे मिळतात हो?"

"अहो बाई, तो खरंच संडासात होता!" रेन्झो मागून ओरडला. लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, हे तिघांनी बसवून आणलंय. मी म्हणालो की नवी तबकडी लावा, हसणं ऐका. लावली. त्यांनी ऐकली. उचकी ऐकून एक दाढीवाला म्हणाला, "प्यायलेला होता, कळतंय."

शेवटी केंड्राने मायक्रोफोन हेल्वीपुढे धरला. "तुम्ही सांगा ना, कसं वाटतंय एवढं प्रेम मिळाल्यावर?"

"मीच ओरडले होते," हेल्वी म्हणाली.

रेडिओच्या तंत्रज्ञाने हेडफोनवर चापट मारली आणि मान हलवली. काही आलं नव्हतं. तिसऱ्या रांगेच्या पलीकडे कुणाला ऐकूही गेलं नाही. केंड्रा म्हणाली, "लाजल्या!" आणि पुन्हा टाळ्या. मग सगळे मिळून ताइस्तोच्या मागे लागले. "लिसा! लिसा! लिसा!" पाय आपटत, टेबलं बडवत. ताइस्तोचं तोंड उघडलं. सवयच ती. मला वाटलं, गेला आता. पण त्याने ते मिटलं, केंड्राने पुढे धरलेला मायक्रोफोन बाजूला सारला आणि म्हणाला, "माझी नाही ती. मी नाही ठोकणार." त्यावर तर काही बायकांनी डोळे पुसले.

बाहेर पडेपर्यंत लोक त्याची पाठ थोपटत होते. दिलदार माणूस. खरा सज्जन. निवडणुकीला उभे राहा परत. ज्याने त्याला पाडलं होतं त्या यंत्रवाल्यानेही हात मिळवला. जन्मभर खोटं बोलून मिळाली नव्हती तेवढी इज्जत त्याला एका खऱ्या वाक्याने मिळाली, आणि ती पुन्हा त्याच्याच खात्यात जमा झाली. हेल्वीला कुणीतरी "नशीबवान आहात" म्हणालं आणि हातात एक उरलेला पर्शियन दिला.

आम्ही चौघे ताइस्तोच्या गाडीत बसलो. ते दोघं पुढे, आम्ही दोघं मागे. त्याने इंजिन चालू केलं, हीटर घोंघावायला लागला. ताइस्तोच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, थोडी चमक आली होती.

"तसं लोकांनी फार वाईट नाही घेतलं," तो म्हणाला. "उभे राहा म्हणत होते परत. पाहिलंस ना हेल्वी?" बोलता बोलता त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पर्शियन मांडीवर धरून समोरच्या काचेकडे बघत होती. तिने तो खाल्लाही नव्हता आणि ठेवलाही नव्हता. त्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

मग तो म्हणाला, "हेल्वी, पण तू ओरडलीस कशाला? तू तर कधीच ओरडत नाहीस."

"खूश होते," ती म्हणाली.

"इतकी?"

"इतकी."

"मग नंतर पुन्हा कधीच कशी नाही ओरडलीस?"

हेल्वीने त्याच्याकडे मान वळवली. रागावून नाही. वाचनालयात कुणी साधी गोष्ट विचारली तर सांगावी तशी म्हणाली, "नंतर तू बोलत होतास ना."

रेन्झोने माझा गुडघा घट्ट धरला. ताइस्तोने स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाला, "सांग."

"काय सांगू?"

"त्या रात्रीचं. मी रांगेत गेलो तिथपासून."

हेल्वी सांगायला लागली. त्या इंजिनच्या आणि हीटरच्या आवाजात आम्हाला मागे एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ताइस्तोलाही येत नसावं, कारण तो तिच्याकडे वाकला, आणखी वाकला, कान पुढे केला, आणि मग त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हीटर थांबला. बाहेर उणे तीस होतं. थोड्याच वेळात काचा आतून पांढऱ्या झाल्या, माझ्या पायांची बोटं जाणवेनाशी झाली, रेन्झोचे दात वाजायला लागले, आणि पुढे हेल्वीचा तो बारीक आवाज थांबायचं नाव घेईना.

"अरे गाढवा," रेन्झो म्हणाला, "हीटर तरी चालू कर. मरू आम्ही."

"गप बस रे," ताइस्तो मागे न बघता म्हणाला. "ती बोलतेय."